भाषेचा रकाना

कूम हेलिग,
८ मार्च २०११

प्रिय सँड्रा,

एवढं जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नापासून कुरकुरतोय, त्यात नवीन काही नाही. आपण दर रविवारी फोनवर बोलतो खरं, पण काय बोलतो? तुमच्याकडे ब्रिस्टलला पाऊस आहे का, आमच्याकडे आहे, बरं ठेवते. दोन वर्षं चार महिने तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस आणि का ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी गाडीत बसताना तू म्हणालीस, "आई, ते शेवटी मला काय सांगत होते ते खरं सांगशील, तेव्हा मी येईन." मी म्हटलं, "सांगितलं ना, पाणी मागत होते." त्यावर तू म्हणालीस, "पाणी मागायला कोणी वीस मिनिटं बोलतं का?" आणि काच वर केलीस. त्या प्रश्नाकडे मी येणार आहे, पण मला माझ्या वाटेने येऊ दे. नमनाला घडाभर तेल लागतं मला, तुला ठाऊकच आहे. आणि हे सगळं मी आधी वेल्शमध्ये लिहून काढलं, मग तुझ्यासाठी इंग्रजीत उतरवलं. चार दिवस गेले त्यात. कुठे वाक्य लंगडत असेल तर हसून सोडून दे.

तर, चॅपलच्या मागच्या खोलीत मंगळवारी दुपारी एक वर्ग भरतो. मॅरवेनने मला तिथे ओढत नेलं. तीच ती, तुझ्या प्राथमिक शाळेची हेडमास्तरीण. आता कमरेला नवा सांधा बसवून घेतलाय आणि पूर्वीपेक्षा जोरात चालते. मला म्हणाली, "घरात बसून बसून अंगावर शेवाळ चढेल तुझ्या, चल ऊठ." वर्ग घेणारा गेरल्ट नावाचा मुलगा विद्यापीठातून येतो. मुलगा म्हणजे चाळिशीचा असेल, पण मला आता सगळेच मुलगे. त्याने १९११ च्या खानेसुमारीचे आपल्या गावचे कागद छापून आणलेत. त्याआधीच्या वर्षांची म्हणजे सरकारी माणसाने वहीत उतरवलेली नक्कलच शिल्लक आहे. १९११ चा मात्र घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला मूळ कागद जपून ठेवलाय. नाव, नातं, वय, किती मुलं झाली, किती राहिली, किती गेली, काय काम करता, आणि एका रकान्यात भाषा. वेल्श, इंग्रजी, का दोन्ही.

आम्ही घरोघरचे ते रकाने मोजतो. खाणीवर बाहेरची माणसं आली तेव्हा इंग्रजी कोणत्या दारातून आधी शिरली, कोणत्या घरात मोठी मुलं नुसती वेल्श बोलायची आणि धाकटी दोन्ही, असलं सगळं गेरल्टला तक्त्यात हवं असतं. ऐकायला रूक्ष वाटेल, पण अगं, गावाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या चहाड्याच आहेत त्या. सॉमरसेटहून आलेला एक खाणकामगार विधवा बाईच्या घरी भाडेकरू. दोनच वर्षं झाली येऊन आणि भाषा 'दोन्ही'. मॅरवेन म्हणाली, "नुसत्या मटणाच्या रश्श्यावर कोणी एवढी भाषा शिकत नाही हो!" गेरल्टचे कान लाल झाले. पुढे त्या दोघांच्या लग्नाची नोंदही सापडली, तेव्हा मॅरवेन दिवसभर फुशारक्या मारत हिंडत होती.

तिसऱ्या मंगळवारी माझ्या वाट्याला वरच्या आळीचा गठ्ठा आला. त्यात चौदा नंबरचं घर, म्हणजे माझ्या आईचं माहेर. माझे आजोबा एबनेझर, वय चौतीस, खाणीत कोळसा फोडणारे. मी त्यांना पाहिलेलं नाही, मी जन्मायच्या आधीच छातीत धूळ साठून ते गेले. अक्षर मोठं, दाबून लिहिलेलं, एकेक अक्षर सुटं. बायको मार्गेड. मुलं झाली सात, हयात चार, मृत तीन. सगळ्यांच्या पुढे वेल्श, वेल्श, वेल्श. आणि सगळ्यात खाली: टेग्वेन, मुलगी, वय आठ महिने, भाषा वेल्श. टेग्वेन म्हणजे माझी आई. आठ महिन्यांची! तिच्या नावापुढचा तो एक शब्द कार्यालयातल्या कोणा कारकुनाने लाल शाईने खोडला होता. नियमच तसा होता, तीन वर्षांखालच्या मुलांची भाषा लिहायची नाही.

मी मोठ्याने वाचून दाखवलं तशी मॅरवेन खुदखुदली. "आठ महिन्यांची पोर वेल्श बोलते म्हणे! मग रडत कुठल्या भाषेत होती?" मी म्हटलं, "तुझी कंबर दुखते तेव्हा तू रडतेस त्याच भाषेत." पण गंमत बघ, एक नाही, एका वरच्या आळीत अशी अकरा बाळं निघाली. कोण पाच महिन्यांचं, कोण दीड वर्षाचं, सगळ्यांपुढे बापाने ठणकावून वेल्श लिहिलेलं आणि सगळ्यांवर लाल रेघ. गेरल्ट म्हणाला, "अकरा चुका. ही वगळू या, नाहीतर आकडे बिघडतील." मला काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम तडकले. म्हटलं, "चुका कसल्या? इंग्रजी शाळेत मार खाऊन शिकलेली माणसं ती, तीन वर्षांचा नियम त्यांना वाचता येत नव्हता होय? पोर बोलते का, हे त्यांनी लिहिलंच नाही. ह्या घरात तिच्याशी काय बोललं जाणार, ते लिहिलंय." गेरल्टने त्या अकरा जणांचा वेगळा तक्ता केला. त्याला नाव दिलं 'इतर'. मी म्हटलं, असू दे बाबा, इतर तर इतर.

त्या दिवशी घरी आले आणि जेवण जाईना. लाल रेघ डोळ्यांपुढून हलेना. तुला म्हणून सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोयच नाही. अशी एक रेघ या घरातही मारलेली आहे आणि ती मारायला कोणी कारकून आला नव्हता.

आधी बगळ्याची गोष्ट सांगते. ती तुला कधी सांगितली नाही. अकरा वर्षांची असताना मला मोठ्या शाळेच्या मुलाखतीला नेलं होतं. लेखी परीक्षेत मी आमच्या शाळेत पहिली होते. आईने माझ्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की भुवया वर ओढल्या जात होत्या. टेबलामागे तीन गृहस्थ. त्यातल्या एकाने इंग्रजीत विचारलं, बसमधून येताना काय पाहिलंस? मी नदीत एका पायावर उभा असलेला बगळा पाहिला होता, आणि त्याच्याबद्दल मला इतकं काही सांगायचं होतं! पण बगळ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते येईना. मी म्हटलं, "पक्षी." ते म्हणाले, "कोणता पक्षी?" मी गप्प. "नुसता पक्षी?" म्हणून ते हसले, वाईट नाही हसले, पण कागदावर काहीतरी लिहिलं. शाळा गेली. पंधराव्या वर्षी मी किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे उभी राहिले ती साठीपर्यंत. तू पोटात होतीस तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या मुलीच्या तोंडात कधी कुठला शब्द अडकणार नाही. नावसुद्धा सँड्रा ठेवलं. तुझी आजी टेग्वेन महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आणि ठरवलं म्हणजे ठरवलं, माझा स्वभाव माहीत आहे तुला. पोरीसमोर घरात फक्त इंग्रजी. आजी आली तरी, शेजारी आले तरी. बाबा म्हणाले, "अगं, माझी इंग्रजी म्हणजे मुकादमाच्या शिव्या आणि 'आज गारठा आहे'. पोरीशी बोलू काय?" मी म्हटलं, "मग गारठ्याबद्दल बोला." चेष्टेत म्हटलं होतं गं. पण बाबांनी ते पाळलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाळलं. तुझ्या आठवणीतले बाबा म्हणजे हवामानाची बातमी, हे तूच एकदा म्हणाली होतीस. तू नऊ वर्षांची असताना मला विचारलं होतंस, "बाबा माझ्यापेक्षा कबुतरांशी जास्त का बोलतात?" मी म्हटलं, "काही माणसं अबोल असतात." सँड्रा, तुझे बाबा अबोल नव्हते. खाणीवर, मैदानावर, कबुतरांच्या शर्यतीत इद्वल आला की लोक आपली कामं टाकून गोळा व्हायचे. या खोऱ्यात त्यांच्याइतकं हसवणारा माणूस झाला नाही. अंत्यविधीनंतर चॅपलच्या मागच्या खोलीत सगळे डोळे पुसत पुसत हसत होते ना, ते त्यांचेच किस्से एकमेकांना सांगत होते. तू हातात सँडविचची बशी घेऊन उभी होतीस. "कशाला हसतायत?" म्हणून तू विचारलंस आणि मी म्हटलं, "जुन्या गोष्टी." सख्ख्या बापाच्या गोष्टी सगळ्या गावाला कळत होत्या, तुला सोडून.

आता ती रेघ. १९७१ चा एप्रिल, तू आठ वर्षांची. खानेसुमारीचा फॉर्म आला. बाबांना असले कागद भरायची भारी हौस, चष्मा लावून, टेबल पुसून, टाय काय तो घालायचा राहिला. तू शेजारच्या घरी खेळायला गेली होतीस. मी बटाटे सोलत होते. येऊन बघते तर तुझ्या नावापुढे, वेल्श बोलता येतं का, तर होय. मी म्हटलं, "अहो, ही खोटी साक्ष आहे." ते म्हणाले, "खोटी कशी? 'दार लाव' कळतं तिला. 'चहा घे' कळतं." मी म्हटलं, "दार लावण्यापुरती भाषा कुत्र्यालाही कळते." ते म्हणाले, "राहू दे ना गं. शंभर वर्षं तो कागद कोणी उघडणार नाही. तोवर काय, येईलही तिला." मी त्यांच्या हातातून पेन घेतलं, ते 'होय' खोडलं आणि वर 'नाही' लिहिलं. खरं तेच लिहिलं, कायद्याने माझंच बरोबर होतं. त्यांनी कोट घातला आणि मागे कबुतरांकडे गेले. त्या कागदावर अजून ते आहे, खाली त्यांचं होय आणि वर माझं नाही. २०७२ साली कोणीतरी गेरल्ट तो उघडेल आणि आकडे बिघडू नयेत म्हणून माझंच धरेल.

माझ्या आजोबांचा शब्द कारकुनाने खोडला आणि मी भर खोलीत त्यावरून तडकले. तुझ्या बाबांचा मी खोडला, तेव्हा माझ्यावर तडकायला कोणी नव्हतं.

मी सगळंच चुकलं असं म्हणणार नाही हं. तू औषधांचं शिकलीस, मोठ्या दुकानाची मुख्य झालीस, चार माणसांत उभी राहून फडाफड बोलतेस. तुझ्या पदवीच्या दिवशी त्या सभागृहात मला तो बगळा आठवला होता आणि मी मनात म्हटलं होतं, घ्या, आता विचारा हिला. तो अभिमान खोटा नव्हता. पण तो अभिमान मी कोणाच्या जिवावर मिळवला याचा हिशेब मी कधी केला नाही. बाबांनीही तो मला करायला लावला नाही. तेवढ्यासाठी तरी त्यांनी माझ्याशी एकदा कडाक्याचं भांडायला हवं होतं.

आता हॉस्पिटल. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची इंग्रजी गेली हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. जी उशिरा आली, ती आधी उठून गेली. तू ब्रिस्टलहून गाडी हाकत आलीस, अंगावर दुकानातला पांढरा कोट तसाच. त्यांनी तुझा हात धरला आणि बोलायला लागले. किती स्पष्ट बोलत होते! तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, पण गोष्ट सांगतानाचा त्यांचा तो खास सूर, मध्येच थांबून समोरच्याची गंमत बघणं, सगळं जसंच्या तसं. तू त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होतीस आणि मान हलवत होतीस, परक्या देशात वाट विचारल्यावर माणूस हलवतो तशी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सांग तिला." तू पण माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हटलं, "पाणी मागतायत."

ते काय म्हणाले ते आता सांगते. एक शब्द गाळत नाही. खाणीत त्यांच्या हाताखाली कॅप्टन नावाचं एक तट्टू होतं, महाआगाऊ. रोज बाबांच्या डब्यातला जॅम लावलेला पाव खाल्ल्याशिवाय गाडा ओढायचं नाही. तू झालीस त्या पहाटे घरात धांदल, पाव कोण देणार? बाबा रिकाम्या हाताने कामावर गेले. कॅप्टन हलेना. शिव्या दिल्या, हलेना. ढकललं, हलेना. मागे माणसं खोळंबली, मुकादम ओरडायला लागला. तेव्हा बाबांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "मुलगी झाली रे मला. पाव उद्या आणतो, दोन आणतो." आणि कॅप्टन चालायला लागला. "तेव्हा तुझ्या जन्माची बातमी या खोऱ्यात सगळ्यात आधी एका तट्टूला कळली," असं म्हणून ते थांबले आणि तू हसतेस का बघत राहिले. तू हसली नाहीस. तुला काय कळणार! मग म्हणाले, "मी मुका नव्हतो, पोरी. तुझ्यासाठी खूप गोष्टी जमवून ठेवल्या होत्या. सगळ्या याच भाषेत होत्या." एवढंच. माझ्याबद्दल चांगलं नाही की वाईट नाही, एक शब्द नाही. मी ते तुला सांगितलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस, मग ते बोलले का नाहीत? त्याचं उत्तर खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभं होतं. म्हणून मी पाणी म्हटलं. तू धावत जाऊन पेला भरून आणलास. त्यांना तहान नव्हती, सँड्रा. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळा पेला पिऊन टाकला, कारण तो तू आणला होतास. त्यांचं बोलणं मी दुसऱ्यांदा खोडलं, आणि या वेळी ते खरं होतं. मला क्षमा कर. हे वाक्य मी वेल्शमध्ये लिहिलं तेव्हाही जड गेलं, इंग्रजीत काही हलकं झालं नाही.

काल पोस्टमन नवा फॉर्म टाकून गेला. या वेळच्या खानेसुमारीचा दिवस रविवार, २७ मार्च. माझ्या पानावर मी माझं लिहीन, त्यात एकच नाव असेल आणि त्याला वेळ लागत नाही. पण मागच्या पानावर त्या रात्री घरात मुक्कामाला असणाऱ्या पाहुण्यांची जागा आहे. ये. फोनवर नको, इथे ये, शनिवारी आलीस तर आणखी बरं. कॅप्टनची ही एकच गोष्ट नाही, माझ्या ऐकण्यातल्याच साठ-सत्तर असतील. मॅरवेनला आणि कबुतरवाल्यांना विचारलं तर शंभराच्या वर जातील. त्या मी तुला सांगते, आधी इंग्रजीत आणि तू म्हणशील तर मग त्यांच्या शब्दांत. म्हणशील तरच. आणि घाबरू नकोस, पाहुण्यांना फक्त नाव, जन्मतारीख आणि कायमचा पत्ता विचारतात. त्या पानावर भाषेचा रकाना नाही. मी दोनदा बघून घेतलंय.

तुझीच,
आई